गरोदरपणात वापरलेला खोलीचा तापमापक: कमाल-किमानचं बटण असेल तरच घ्या

तापमान आणि आर्द्रता दाखवणारा हा छोटा डिजिटल तापमापक मी सातवा महिना लागला तेव्हा घेतला, आता नववा सरत आलाय. तळहातावर मावतो, सेलवर चालतो. घेताना एकच गोष्ट पाहिली होती, दिवसभरातलं कमाल आणि किमान तापमान तो लक्षात ठेवतो का.

त्याचा फायदा पहिल्याच आठवड्यात दिसला. झोपताना २५, उठल्यावर २६, म्हणजे रात्र ठीक गेली असंच कुणालाही वाटेल. बटण दाबलं तर कमाल ३१! टायमर लावलेला एसी मध्यरात्री बंद पडायचा, बंद खोली तापत जायची आणि पहाटे खिडकी उघडली की पुन्हा निवायची. रात्री घामाने जाग का येते, तोंड कोरडं का पडतं, याचा उलगडा तिथे झाला. आता टायमर बंद, एसी २६ वर, सोबत पंखा, आणि उशाशी पाण्याची बाटली.

एवढी काळजी कशाला, असं घरातल्यांनीही विचारलं. कारण उकाड्याचा संबंध वेळेआधी होणाऱ्या बाळंतपणाशी दिसून आलाय. ३७ आठवडे भरायच्या आत झालेलं बाळंतपण मुदतपूर्व धरतात. जगात साधारण दहातलं एक बाळ असं आधी येतं. २०२० साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकामध्ये २७ देशांतल्या ७० अभ्यासांचा आढावा छापून आला होता. त्यात तापमान १ अंशाने वाढलं की मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी आणि उष्णतेच्या लाटेत १६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. एकेकीपुरता हा फरक लहान आहे, घाबरून जाऊ नका. पण उकाड्यात अंगातलं पाणी कमी होतं, रक्त त्वचेकडे जास्त वळतं, गर्भाशयाचा रक्तपुरवठा घटू शकतो आणि कळा सुरू करणारी संप्रेरकं लवकर स्रवू शकतात, असं मानलं जातं. दिवस-रात्रीच्या चढउतारांवरचं संशोधन त्या मानाने कमी आहे. तरी खोली उगाच तापू न देणं आपल्या हातात आहे, तर ते का करू नये?

आर्द्रतेचा आकडाही बघत जा. ३० अंशांना हवा कोरडी असेल तर मला निभतं. तेच ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की घाम वाळतच नाही आणि जीव कासावीस होतो.

उणिवा आहेत. पडद्याला उजेड नाही, रात्री मोबाइलचा दिवा लावावा लागतो. कमाल-किमान आपोआप पुसलं जात नाही, रोज सकाळी बटण दाबून धरावं लागतं, नाहीतर परवाचाच आकडा दिसत राहतो. जागा बदलली की आर्द्रतेचा आकडा स्थिरावायला बराच वेळ घेतो. उन्हाच्या भिंतीवर किंवा एसीच्या झोतात ठेवू नका, पलंगाच्या उंचीवर ठेवा.

आणि हा खोलीचं तापमान मोजतो, तुमच्या शरीराचं नाही. ठरावीक अंतराने पोट कडक होत असेल, कंबरेतून कळ येत असेल, पाणी किंवा रक्त जात असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, तर आकडा कितीही चांगला असो, तडक दवाखाना गाठा.

पाचपैकी चार तारे. पडद्याला उजेड असलेला मिळाला तर तोच घ्या.