गॅरी मूर, इंगवे की स्लॅश: रॉकवाल्याचा ब्लूज आधी कुणाचा ऐकायचा?

परवा एका मित्राने विचारलं, की बाबा, आयुष्यभर मेटल ऐकलं, आता ब्लूज चालू करायचाय पण एकदम जुन्या ब्लूजवाल्या रॉबर्ट जॉन्सनच्या त्या खरखरीत रेकॉर्डिंगपर्यंत जायचा धीर होत नाही, तर ओळखीच्या फास्ट गिटारवाल्यांपैकी कुणी ब्लूज वाजवलाय का. वाजवलाय की, आणि एकाने नाही. पण तिघांचा मामला फार वेगळा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ख्यालात तानांचा पाऊस पाडणारा बुवा ठुमरीला बसला की आपण काय बघतो, तर याला थांबता येतंय का. इथेही तेच. साधारण बारा बार (बार म्हणजे चार मात्रांचा एक खण), तीन कॉर्ड, गाणारा एक ओळ म्हणतो आणि उरलेल्या जागेत गिटार त्याला उत्तर देते. त्या जागेत काय करायचं आणि किती करायचं, सगळा ब्लूज तिथेच.

गॅरी मूर आधी घेतो कारण मी पार्शल आहे. बेलफास्टचा माणूस, थिन लिझी या रॉक बँडमध्ये वाजवून झालेलं, ऐंशीच्या दशकात पक्का हार्ड रॉक, आणि 1990 मध्ये अचानक 'स्टिल गॉट द ब्लूज' हा अल्बम. अचानक आपल्याला वाटतं, त्याला नाही. पोरवयात तो फ्लीटवूड मॅकवाल्या पीटर ग्रीनच्या मागे वेडा होता आणि ग्रीनची 1959 ची लेस पॉल गिटार पुढे त्याच्याकडेच आली, 1995 मध्ये त्याने ग्रीनच्या गाण्यांचा आख्खा अल्बमही केला. 1990 च्या अल्बमवर अल्बर्ट किंग आणि अल्बर्ट कॉलिन्स हे जुने ब्लूज गिटारवाले, शिवाय बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन असे पाहुणे आहेत. 'ओह प्रिटी वुमन' हे अल्बर्ट किंगने गाजवलेलं गाणं, आणि त्यात खुद्द किंग वाजवतोय. कुणाचा हात कुठला ते लगेच कळतं, म्हातारा दोन सूर ओढून गप्प बसतो आणि गॅरी बादली ओततो. पण ओततो ते मनापासून, खोटं वाटत नाही.

खोट आहे का? आहे ना. हळू जागीसुद्धा तार उपटल्यासारखी मारतो, आणि सगळ्यांना पाठ असलेलं टायटल साँग तर बारा बारचा ब्लूज नाहीच, मायनरमधली गोल फिरणारी कॉर्डची साखळी आहे, रॉक बॅलड म्हणा हवं तर. त्यातल्या गिटारच्या सुरावटीवरून जर्मनीत केसही झाली, 'जुड्स गॅलरी' नावाच्या बँडच्या 1974 च्या गाण्याशी ती जुळते म्हणून 2008 मध्ये म्युनिकच्या कोर्टाने निकाल गॅरीच्या विरोधात दिला. म्हणून मी म्हणतो त्या गाण्यापासून सुरूच करू नका, त्याच अल्बममधलं 'मिडनाइट ब्लूज' लावा. तिथे तो खरंच थांबतो.

इंगवे माल्मस्टीन. स्वीडनचा, बाख आणि पागानिनी कोळून प्यायलेला, 1984 च्या 'रायझिंग फोर्स'पासून स्पीडचं दुसरं नाव. 2019 मध्ये त्याने 'ब्लू लाइटनिंग' काढला. नाव ब्लू, आत काय तर हेंड्रिक्स, डीप पर्पल, बीटल्स, रोलिंग स्टोन्स, म्हणजे त्याची लहानपणची आवड जास्त आणि ब्लूज चवीपुरता. खरी परीक्षा 'ब्लू जीन ब्लूज'ला होते. झेडझेड टॉप या बँडच्या मूळ गाण्यात इतकी मोकळी जागा आहे की पंख्याचा आवाज ऐकू यावा, आणि हा त्यात घर बांधतो, माडी चढवतो, वर पाण्याची टाकी पण बसवतो. गातोही स्वतःच, त्याबद्दल न बोललेलं बरं. एक मात्र मान्य करायलाच पाहिजे, व्हायब्रॅटो (धरलेला सूर हलवणं) काय आहे राव या माणसाचा, एक सूर धरून ठेवतो तेव्हा अंगावर येतं, मग वाटतं अरे असाच धर ना अजून दोन सेकंद. नाही धरत. इंगवेचे फॅन असाल तर घ्या, ब्लूजसाठी नका घेऊ.

गन्स एन रोझेसचा स्लॅश म्हणजे मधला मार्ग. स्पीडच्या बाबतीत तो या दोघांच्या पंगतीतला नाही हे खरं, पण नव्वदीत 'ब्लूज बॉल' नावाचा बँड घेऊन फिरलेला, त्यामुळे 2024 चा 'ऑर्जी ऑफ द डॅम्ड' हा ब्लूज अल्बम म्हणजे नुसती हौस नाही. हुशारी अशी की स्वतः गायलाच गेला नाही, बिली गिबन्स, पॉल रॉजर्स, ख्रिस स्टेपल्टन, इगी पॉप, ब्रायन जॉन्सन अशी गाणाऱ्यांची फौज बोलावली आणि स्वतः मागे उभा राहिला. बेथ हार्टसोबतचं 'स्टॉर्मी मंडे' ऐका, बाई पेटलीये आणि हा फक्त सरपण सारतोय. तक्रार एवढीच की लग्नाच्या बुफेसारखं झालंय, टेम्पटेशन्सच्या आणि स्टीव्ही वंडरच्या गाण्यांना ब्लूज कोण म्हणतं?

तर बघा. नुसतं ऐकायचं असेल आणि सोलोशिवाय करमत नसेल तर गॅरी मूर, डोळे झाकून. संथ गाण्यांचा कंटाळा येत असेल किंवा गाडीत चार जण असतील तर स्लॅश. स्वतः गिटार वाजवत असाल तरी स्लॅशच, कारण गाणाऱ्याच्या मागे कसं वाजवायचं ते तिथे शिकता येतं, गॅरीचे लिक (छोटे ठरीव तुकडे) उचलायला गेलात तर महिनाभर फक्त बेंड करत, म्हणजे तार ओढून सूर चढवत, बसाल आणि बोटं सुजतील (अनुभव). इंगवे विकत घ्यायच्या आधी ते एक 'ब्लू जीन ब्लूज' दोन्ही व्हर्जनमध्ये ऐका आणि मग ठरवा.

गॅरी आवडला तर त्याच रात्री अल्बर्ट किंगचा 1967 चा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' लावा, 'ओह प्रिटी वुमन' त्यातच आहे. डावखुरा माणूस, उलटी धरलेली गिटार, तार वर ढकलायच्या ऐवजी खाली ओढतो, आणि सूर मोजायला गेलात तर दोन्ही हातांची बोटं पुरतील असं वाटायला लागतं.