सोयाची कॅप्सूल की सोया प्रोटीनची पावडर?

पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होतं, यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पूर्वीसारखं उचलत नाही आणि रिपोर्टातला आकडा वर सरकतो. मग कोणीतरी सोया सुचवतं. शोधायला गेलं की समोर दोन गोष्टी येतात, आयसोफ्लेव्होनच्या (सोयातली इस्ट्रोजेनसारखी वागणारी द्रव्यं) कॅप्सूल आणि सोया प्रोटीनची पावडर. मी दोन्ही घेऊन पाहिल्या.

सोयीच्या बाबतीत कॅप्सूलला तोड नाही. गिळली की विषय संपला. पावडरीला उग्र वास असतो, शेकर कितीही हलवा तळाशी गुठळ्या राहतातच, आणि सुरुवातीला पोटही फुगतं. एवढं असूनही मी कॅप्सूल सोडली, ती तिच्या लेबलामुळे.

बाटलीवर ठळक अक्षरात भलामोठा आकडा असतो, तो सोया अर्काच्या वजनाचा. बाटली फिरवून, चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली की कळतं, त्यातले आयसोफ्लेव्होन म्हणजे त्या वजनाचा थोडासाच भाग. तेही एकीकडे सुट्या रूपात मोजलेले, तर दुसरीकडे साखरेचा रेणू जोडलेल्या रूपात. जेनिस्टीन या आयसोफ्लेव्होनला साखर जोडली की त्याचं वजन साधारण 1.6 पट भरतं, म्हणजे दोन बाटल्यांवर सारखेच मिलिग्रॅम छापले असले तरी माल सारखा असेलच असं नाही. त्यात आणखी, डेडझीन या दुसऱ्या आयसोफ्लेव्होनपासून इक्वॉल, म्हणजे त्याचं जास्त प्रभावी रूप, बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात. रोज गिळतोय ते नेमकं किती, हेच कळू नये याचा मला फार वैताग आला. पावडरीत निदान प्रोटीनचे ग्रॅम सरळ मोजता येतात.

कोलेस्टेरॉलबद्दल जो काही पुरावा आहे, तोही बहुतेक प्रोटीनच्या बाजूचा. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 1999 मध्ये हृदयविकाराच्या संदर्भात जो दावा छापायला परवानगी दिली, तो रोज 25 ग्रॅम सोया प्रोटीनबद्दल होता; 2017 मध्ये तो मागे घ्यायचा प्रस्तावही त्यांनीच मांडला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2006 मध्ये म्हटलं की दिवसाला जवळपास 50 ग्रॅम प्रोटीन घेतलं तर एलडीएल सुमारे 3 टक्के उतरतं, आणि नुसत्या आयसोफ्लेव्होनने तेवढंही नाही. तेव्हा डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, दिली असेल तर पावडरीच्या भरवशावर ती बंद करू नका. ती गोळी 30 टक्के आणि त्याहून जास्तही उतरवते.

माझं एलडीएल थोडं खाली आलं. आता ते पावडरीने आलं, की पावडरीमुळे चार वाजताचं तळलेलं खाणं सुटलं म्हणून, हे मला सांगता येणार नाही. बहुधा दुसरंच. पण कॅप्सूलने माझं अरबटचरबट सुटलं नसतं, एवढं नक्की.

तुमची खरी तक्रार हॉट फ्लॅशेसची, म्हणजे अचानक अंगातून गरम वाफा येण्याची, असेल तर मात्र कॅप्सूल वापरून पाहायला हरकत नाही, काहीजणींना थोडाफार आराम पडतो. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पावडर घ्यायचं ठरलंच तर बिनसाखरेची घ्या. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर ठेवा, सोयामुळे ती नीट शोषली जात नाही. माझी गोळी उठल्या उठल्या असते, म्हणून पावडर चारच्या चहाच्या वेळेला.