दहावीच्या आसपासच्या मुलांना कामाची सवय: घरची जबाबदारी, शेत-दुकान की बाहेरचा पगार?

एप्रिलमध्ये शाळांना सुट्टी लागली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पुष्कळ घरांत हा विषय निघतोच. पोरगं पंधरा-सोळाचं झालं, दिवसभर मोबाईल घेऊन पडून असतं, कुठंतरी कामाला लावूया का? घरात पैशाची ओढ असली की हा प्रश्न आणखी टोचतो. पर्याय साधारण तीन असतात. घरातलीच एखादी जबाबदारी पूर्णपणे सोपवायची, घरच्या शेतात किंवा धंद्यात सोबत घ्यायचं, नाहीतर बाहेर पगारावर पाठवायचं.

निवड करण्याआधी एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट करून घ्या. घराला पैसा हवा आहे की मुलाला वळण हवं आहे? दोन्ही हवं असू शकतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण पैशासाठी पाठवायचं आणि तोंडाने "तुला शिस्त लागावी म्हणून" असं सांगायचं, हे मुलांना लगेच कळतं. मग त्यांचा कामावरचाही विश्वास उडतो आणि आपल्यावरचाही.

घरच्या जबाबदारीपासून सुरुवात करते, कारण बहुतेक पालक याला कामच समजत नाहीत. माझ्या मते तीनही पर्यायांत हाच सगळ्यात भक्कम आहे, अट एवढीच की काम खरं असावं आणि पूर्ण त्याचंच असावं. उदाहरणार्थ, विजेचा मीटर. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत घराच्या आधीच्या सरासरी वापरावरून मोफत युनिट ठरतात. त्याहून जास्त वापरले तर वरच्या युनिटचे पैसे पडतात आणि महिन्याचा वापर २०० युनिटच्या पुढे गेला तर पूर्ण बिल भरावं लागतं. दर रविवारी मीटर बघून वहीत आकडा लिहायचा, कुठं वापर वाढला ते शोधायचं आणि घरच्यांना सांगायचं, हे काम नववीतल्या मुलाकडे द्या. त्याने आजोबांना "पंखा बंद करा" म्हटलं तर ते ऐकायचं. आपण ऐकलं नाही तर ती जबाबदारी नावापुरतीच राहते.

आपल्या भागात याहून मोठं एक काम मुलांच्या हातात आहे. हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल, शेताचा उतारा, पंचायतीची नोटीस, सगळं कन्नडमध्ये येतं. मराठी माध्यमातली मुलंही शाळेत कन्नड शिकतात, पण घरातल्या मोठ्यांपैकी अनेकांना ते वाचता येत नाही. घरी आलेला प्रत्येक कागद वाचून त्यात काय मागितलंय, शेवटची तारीख कोणती, हे सांगणं आणि कागद फाईलला लावणं हे पंधरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने करावं. चूक झाली तर तिचा परिणाम खरा असतो, म्हणून त्यातून येणारी जाणीवही खरी असते. सही मात्र मोठ्यांनी कागद समजून घेऊनच करायची.

या कामांना पैसे द्यावेत का? ओढाताणीच्या घरात मी देऊ नये म्हणेन. त्याऐवजी महिन्याचा हिशेब मुलांसमोर मांडा: सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० आले, संघाचा (बचत गटाचा) हप्ता इतका गेला, गॅस, दूध, किराणा. घरात पैसा कमी आहे हे मुलांना ठाऊक असतंच. किती कमी आहे हे माहीत नसल्यामुळे त्यांना भीती तरी वाटते किंवा ती हट्ट तरी करतात.

मुलींच्या बाबतीत थोडं थांबून विचार करायला हवा. भांडी, धुणं, धाकट्या भावाला सांभाळणं हे ती आधीपासूनच करत असते. तिला आणखी घरकाम देऊन जबाबदारी शिकवतोय असं म्हणणं अन्याय आहे. तिच्या हातात बाजाराचे पैसे द्या, बँकेत पाठवा. दहा वर्षांवरच्या मुलांना पोस्टात स्वतःच्या नावाचं आणि स्वतः चालवायचं बचत खातं ५०० रुपयांत उघडता येतं. भाकरी थापायला आणि नळाच्या दिवशी पाणी भरायला मुलगा शिकू दे.

दुसरा पर्याय शेत किंवा घरचं दुकान. बेळगावच्या पश्चिम भागातलं भात-रताळं असो की चिकोडी-निपाणीकडचा ऊस, सुगीत मुलं राबतातच. पण नुसती ओझी उचलल्याने अंगमेहनत कळते, धंदा कळत नाही. रताळ्याचा एक वाफा त्याच्या नावावर करा. बियाणं, खत, गाडीभाडं त्याने लिहावं आणि माल मार्केट यार्डात गेला की पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, त्याच्या हातात द्यावी. दर पडला की वर्षभराचे कष्ट कुठं जातात, हे त्या एका कागदातून जितकं कळतं तितकं बापाच्या दहा भाषणांतून कळत नाही. तोट्याची पट्टी लपवू नका. फवारणी आणि तंबाखूची धूळ यांच्यापासून मात्र मुलांना लांबच ठेवा. ट्रॅक्टरही त्यांच्या हाती देऊ नका.

तिसरा, बाहेरचं पगारी काम. इथं कायदा आधी बघावा लागतो. १४ वर्षांखालच्या मुलाला बाहेर कामावर ठेवता येत नाही. शाळेची वेळ सोडून आणि सुट्टीत, धोका नसलेल्या घरच्याच कामात मदत केलेली चालते. १४ ते १८ वयात काम चालतं, पण धोक्याच्या ठिकाणी नाही. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेकडच्या फौंड्री (ओतकामाचे कारखाने) धोकादायक प्रक्रियेत मोडतात. ओळखीचा फोरमन "माझ्यासोबत पाठव, मी बघतो" म्हणाला तरी पाठवू नका. वितळलेलं लोखंड ओळख बघत नाही. या वयाच्या मुलांना संध्याकाळी सात ते सकाळी आठ कामावर ठेवता येत नाही. विश्रांती धरून दिवसाचे सहा तास आणि आठवड्याला एक सुट्टी, एवढीच कायद्याची मर्यादा आहे. म्हणजे दुकान रात्री शटर पडेपर्यंत सांभाळणं आणि पहाटे पेपर टाकणं, दोन्ही यात बसत नाही. डिलिव्हरीसाठी गाडी देण्याचा तर विचारही नको. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी सापडली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

एवढं सांभाळून गणपत गल्ली किंवा खडेबाजारातल्या चांगल्या दुकानात सुट्टीपुरतं काम मिळालं तर त्याचा फायदा मोठा आहे. मराठी, कन्नड, हिंदी अशा तिन्ही भाषांतली गिऱ्हाईकं सांभाळावी लागतात. वेळेवर पोचावं लागतं आणि आईसारखं दोनदा कोणी उठवत नाही. घरी न बोलणारी मुलं काउंटरवर बोलती होतात.

पहिला पगार येण्याआधीच त्याची वाटणी ठरवा. घराला गरज असेल तर सरळ सांगा: "यातले इतके तुझ्या फीला, इतके घराला, इतके तुझे." त्याच्या वाट्याच्या पैशांतून त्याने काय घेतलं यावर टोमणे मारू नका. सगळाच पगार काढून घेतला तर पुढच्या वेळी तो खरा आकडा सांगणार नाही.

आठवी-नववीत असेल तर घरची जबाबदारी, आणि शेत असेल तर त्याचा वाफा, एवढंच पुरे. दहावीच्या वर्षात पगारी काम नकोच. फार ओढ असेल तर नातेवाईक, शाळेतले सर यांच्याकडे फीसाठी शब्द टाका, पण तास विकू नका. दहावीची परीक्षा झाल्यापासून पीयूसी (अकरावी-बारावी) किंवा आयटीआयचा प्रवेश होईपर्यंतचे आठवडे बाहेरच्या कामासाठी सगळ्यात योग्य.

धोकाही तेव्हाच असतो. मुलगा कामात चलाख निघाला की मालक म्हणतो, "राहू दे की अजून, पगार वाढवतो." हातात पैसा खेळू लागलेला, घरात निकड, आणि प्रवेशाची तारीख निघून जाते. म्हणून कामावर ठेवतानाच मालकाला, मुलासमोर, शेवटचा दिवस सांगून ठेवा. पहिल्या पगारातूनच प्रवेशाच्या फीचे पैसे त्याच्या पोस्टाच्या खात्यात त्याच्याच हाताने भरायला लावा.