डावा चॅनल मुका झाला तेव्हा: जुन्या स्टिरिओ रिसीव्हरसोबतचे चौदा महिने

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आहे. चौदा महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, मी नागपूरहून एक वापरलेला जपानी बनावटीचा स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र असलेले यंत्र) आणि 8 ओहमच्या स्पीकरची जोडी विकत आणली. आवाजाविषयी मी पूर्ण समाधानी आहे. गच्चीवरच्या अँटेनावर आकाशवाणीचे यवतमाळ केंद्र स्वच्छ लागते आणि तबल्याचा डग्गा या स्पीकरमधून जसा घुमतो, तसा तो आमच्या घरात पूर्वी कधी ऐकू आला नव्हता. कृषिपंप सुरू झाले की विजेचा दाब खाली येतो, म्हणून पहिल्याच महिन्यात स्टॅबिलायझर बसवला.

ऑगस्टमध्ये मात्र डावा स्पीकर मुका झाला. रात्री आवाज अगदी कमी ठेवला की तो बंदच राही, आणि नॉब बराच फिरवला की खर्र करून एकदम सुरू होई. तालुक्यातील एका दुरुस्ती दुकानात यंत्र न उघडताच आउटपुट आयसी (स्पीकर चालवणारी चिप) उडाली असल्याचे सांगून संपूर्ण बोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाला. तो मला पटला नाही, कारण जळालेला भाग नॉब फिरवल्याने पुन्हा जिवंत होत नाही.

मग मी घरीच तपासणी केली. प्रत्येक वेळी वीज बंद करूनच तारा हलवल्या आणि आवाज मुद्दाम कमी ठेवला, कारण या दोषात आवाज वाढवला की दोषच लपतो. प्रथम रिसीव्हरमागच्या डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. आता उजवीकडचा स्पीकर मुका झाला आणि डावीकडचा वाजू लागला. म्हणजे स्पीकर आणि त्यांच्या तारा निर्दोष होत्या व खोट रिसीव्हरच्या डाव्या चॅनलमध्ये, म्हणजे डाव्या बाजूचा आवाज तयार करणाऱ्या भागात होती. नंतर सीडी प्लेअरकडून येणाऱ्या दोन पिनांची अदलाबदल केली, तेव्हा मौन जागचे हलले नाही. रेडिओ लावूनही तीच बाजू गप्प राहिली. मोनो बटण दाबल्यावर दोन्ही बाजूंना एकच मिश्र आवाज जातो, तरीही डावीकडे शांतताच होती, त्यामुळे बिघाड त्या बटणाच्या पुढे कुठेतरी आहे हे ठरले. बॅलन्स नॉब, टेप मॉनिटर बटण आणि स्पीकर निवडण्याचे बटण वीस-वीस वेळा मागेपुढे केले, कारण जुन्या यंत्रात यांतलेच एखादे मळलेले असते. फरक पडला नाही.

उरला संरक्षक रिले, म्हणजे स्पीकरकडे जाणारी जोडणी आपोआप जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच; त्यात डाव्या आणि उजव्या बाजूचे संपर्क वेगळे असतात. यंत्र सुरू केल्यावर काही सेकंदांनी जो टक् असा आवाज येतो, तो याचाच. आउटपुट ट्रान्झिस्टर जळून स्पीकरकडे डीसी (एकाच दिशेचा) दाब येऊ लागला, तर बहुतेक रिसीव्हरमध्ये हा रिले जोडलाच जात नाही आणि दोन्ही बाजू बंद राहतात. आमच्याकडे टक् नियमित होत होते आणि उजवी बाजू उत्तम वाजत होती. रिलेच्या संपर्कबिंदूंवर काळा थर चढला की कमी आवाजाचा क्षीण दाब तो थर भेदू शकत नाही, मोठ्या आवाजाचा भेदतो. दोषाचे वर्णन यालाच जुळत होते.

आत 230 व्होल्टचा भाग असतो आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये भार काही काळ शिल्लक राहतो, म्हणून झाकण मी उघडले नाही. यवतमाळच्या एका अनुभवी कारागिराने रिले काढून त्याच्या कॉइलला 24 व्होल्ट दिले आणि संपर्क मल्टिमीटरने मोजले. उजवा अर्ध्या ओहमच्याही आत होता. डावा क्षणाक्षणाला बदलत होता, कधी तीस ओहम, कधी पूर्ण तुटलेला. पॉलिश कागदाने घासून काम भागले असते, परंतु त्याने संपर्कावरचा चांदीचा मुलामा निघतो आणि दोष लवकर परत येतो, असे त्याने समजावून सांगितले. नवा रिले नागपूरहून मागवला. मजुरीसह साडेचारशे रुपये लागले.

कारणाचा विचार करता मला कूलरच दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे तापमान 45 अंशांच्या घरात जाते, कूलर दिवसरात्र चालतो आणि रिसीव्हरचे कपाट नेमके त्याच्या झोतासमोर होते. ती ओलसर, धुळीची हवा झाकणाच्या जाळीतून थेट आत जात होती, आणि पाठोपाठ पावसाळा आला.

रिले बदलून सात महिने झाले. आता पहाटे बाबा सर्वांत कमी आवाजात भजने लावतात, तेव्हाही डावीकडचे टाळ स्पष्ट ऐकू येतात. एक तक्रार कायम आहे: मागचे स्प्रिंगचे टर्मिनल फार नाजूक आहेत, जाड तार त्यांत नीट बसत नाही. कपाट मात्र या उन्हाळ्यापूर्वीच आतल्या भिंतीला हलवले आहे.