जुन्या लाकडी घराचा एक तुकडा की 1930ची सेमी?

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याच्या यादीत सहा महिन्यांच्या शोधानंतर दोनच घरं उरली. दोन्ही इंग्लंडच्या केंट परगण्यातली, दोन्ही बजेटात बसणारी. एक म्हणजे पंधराव्या शतकातल्या लाकडी चौकटीच्या घरातला मधला भाग, दुसरं 1930च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूची भिंत शेजारच्या जोडघराशी सामाईक असलेलं घर. तिला पहिलं हवं होतं, त्याला दुसरं. मला दोघांनी वेगवेगळा फोन केला.

जाहिरातीत ‘पंधराव्या शतकातलं कॉटेज’ असं लिहितात, पण त्या काळी ते कॉटेज नव्हतंच. एका सुखवस्तू शेतकऱ्याचं ते अख्खं घर होतं. मधे थेट छपरापर्यंत उघडी मोठी खोली, जमिनीवर पेटती चूल, धूर वाशांमधून बाहेर. म्हणून आजही अशा घराच्या माळ्यावर काजळी धरलेले वासे सापडतात. सोळाव्या शतकाच्या सुमारास धुराडं आलं, त्या उंच खोलीवर मजला पडला. पुढे घराचे दिवस फिरले आणि शेतमजुरांच्या बिऱ्हाडांसाठी मधे आडभिंती घालून दोन-तीन वाटण्या झाल्या. पुण्याच्या वाड्यांत भाडेकरू वाढत गेले तसंच, सागवानाच्या जागी ओक एवढाच फरक.

वाटणी झाली ती संसारांची, चौकटीची नाही. तुळई एका घरात सुरू होते आणि शेजाऱ्याच्या घरात संपते. धुराडं सामाईक, छप्पर सामाईक. कधी तुमची झोपायची खोली शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरावर येते. याला इथे फ्लाइंग फ्रीहोल्ड म्हणतात, आणि कर्ज देणाऱ्या काही संस्था तो शब्द ऐकूनच मागे सरतात. सेमीतही एक भिंत सामाईक असते, पण ती विटांची, सरळ, आणि कागदावर कुठून कुठपर्यंत आहे ते स्पष्ट असतं. भांडायला फारसं काही उरत नाही.

भिंतींचं पाहू. जुन्या घरात खांबांच्या मधली जागा कुडाने भरलेली असते: काटक्यांचं विणकाम, त्यावर माती-शेण-पेंढ्याचा लेप, वरून चुना. जाडी वीतभरही नाही, त्यामुळे ऊब टिकत नाही. पण ही भिंत ओल घेते आणि सोडते. कुणी हौसेने त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत अडकते, खांबाचा पाया कुजू लागतो आणि कुजलेल्या ओकावर डेथवॉच बीटल नावाचा भुंगेरा ताव मारतो. आता गंमत पाहा: सिमेंट शेजाऱ्याने लावलं तरी तुळई तुमचीही आहे! म्हणून सर्व्हेयरला, म्हणजे खरेदीआधी घर तपासणाऱ्या तज्ज्ञाला, तुमचा भाग दाखवताना शेजारच्या भागाचं बाह्यांगही पाहायला सांगा. नेहमीचा सर्व्हे इथे पुरत नाही, जुन्या लाकडी घरांचा अनुभव असलेला माणूस हवा. माळ्यावरची आडभिंत पार आढ्यापर्यंत पोचते का, हेही त्यालाच विचारा. नसेल तर एका घरातली आग सगळ्यांच्या छपरात फिरेल.

सेमीच्या भिंती बहुधा दोन थरांच्या, मधे पोकळी असलेल्या. हा भाग दोन ओळींत संपतो, आणि हाच तिचा गुण.

कायद्याचं मात्र नीट समजून घ्या. 1700 पूर्वीची, बऱ्यापैकी मूळ रूपात उरलेली इमारत इंग्लंडमध्ये जवळपास हमखास लिस्टेड, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत असते. संरक्षण दर्शनी भागालाच नाही, आतल्या जिन्याला, दारालासुद्धा. 1990च्या कायद्यानुसार परवानगीविना बदल करणं हा फौजदारी गुन्हा आहे. शिवाय आधीच्या मालकाने चोरून केलेलं काम पूर्ववत करायची नोटीस आजच्या मालकावर येऊ शकते, तिला मुदत नाही. फोडणीचा धूर बाहेर काढायला भिंतीला भोक पाडायचं म्हटलं तरी आधी अर्ज. खिडक्यांना दुहेरी काचा बसवायला तर नकारच येण्याची शक्यता जास्त. सेमीला सहसा मागे तीन मीटरची एकमजली वाढ आणि माळ्यावर 50 घनमीटरपर्यंतची खोली पूर्ण नियोजन अर्जाशिवाय करता येते, अटी पाळल्या की झालं.

मग त्या जोडप्यातल्या बायकोचं म्हणणं चुकीचं का? नाही. लाकडी सांध्यांवर सुताराने कोरलेल्या खुणा आपल्या जेवणाच्या टेबलावरून दिसणं, हे सुख सेमीत मिळणार नाही. पण ते मालकी न घेताही पाहता येतं. निर्णयाआधी एसेक्सच्या कॉगशल गावात पेकॉक्स हाउस पाहा. साधारण 1509चं हे व्यापाऱ्याचं घर पुढे कॉटेजांत विभागलं गेलं होतं, 1904 मध्ये राजकारणी नोएल बक्स्टन यांनी घेऊन ते दुरुस्त केलं, आणि आता ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. ससेक्समधलं अल्फ्रिस्टन क्लर्जी हाउसही पाहा: नॅशनल ट्रस्टने घेतलेली ही पहिलीच वास्तू, 1896 मध्ये, 10 पौंडांत. तिथली जमीन खडू कुटून आणि आंबट दुधाने सारवून केलेली आहे. आपल्या आज्यांना कळली असती ही कृती.

माझा कौल? आई-वडील पुण्याहून सहा-सहा महिने राहायला येणार असतील, तर सेमी. धुराड्याभोवती वळणारा तो अरुंद जिना आणि कपाळावर येणारी तुळई सत्तरीच्या माणसासाठी नाही. दोघंच असाल, दुरुस्तीसाठी दरवर्षी पैसे बाजूला काढणं जमत असेल, तर तो तुकडा घ्या. पण ऑफर देण्याआधी शेजाऱ्याकडे एकदा चहाला जा. त्याच्या भिंतीवर चुना आहे की सिमेंट, ते बसल्या बसल्या कळेल.