भिक्खूकडून कुंग फू: देंगफेंगची शाळा की दालीचा मठ?

पाटी कोरी आहे, हाताशी महिना-दीड महिना आहे आणि शिकायचं ते भिक्खूकडूनच, असं ठरलं असेल तर दोन वाटा तोलून पाहण्यासारख्या आहेत. एक चीनच्या हनान प्रांतातल्या देंगफेंगची. शाओलिन मठाच्या परिसरातलं हे शहर खासगी शाळांनी भरलेलं आहे आणि काही शाळांत परदेशी लोकांची वेगळी तुकडी असते. दुसरी वाट युन्नानमधली: दालीच्या वर, त्सांगशान डोंगरातला वूवेई मठ. इथे परदेशी नवखे मठातच राहून, आठवड्याच्या हिशेबानं शिकत आले आहेत.

सोयीत शाळा सरळ पुढे आहे. खोली, बहुतेक ठिकाणी दुभाषा, ठरलेलं वेळापत्रक. पासपोर्टची नोंद २४ तासांत पोलिसांकडे व्हावी लागते, ती शाळा उरकते. मठात आपण होऊन विचारावं. १८० दिवसांपर्यंत शिकायचं तर एक्स-टू व्हिसा लागतो आणि त्यासाठी प्रवेशपत्र. ते परवानगी असलेली शाळाच देऊ शकते. तेव्हा सहा महिने काढायचे असतील तर देंगफेंगला जा, पुढचं वाचायची गरज नाही.

महिनाभरासाठी मात्र मला शाळेतली एक गोष्ट खटकत राहते. जाहिरातीत भिक्खू असतो, मैदानावर विशीतला प्रशिक्षक. मुलगा गुणी असतो, पण सात-आठ वर्षांचा असल्यापासून तेच करत आल्यानं तिशीतल्या माणसाचं खुब्याचा सांधा का उघडत नाही, हे त्याला उमगत नाही. शिवाय परदेशी पाहुण्याला घरी न्यायला एखादा पूर्ण संच (हालचालींची ठरलेली मालिका) हवा असतो, म्हणून तो रोज नवा तुकडा देत जातो.

नुकसान होतं ते इथे. माबू, म्हणजे घोडेस्वाराचा पवित्रा, घ्या. पावलं समोर, मांड्या जमिनीला समांतर, गुडघे पावलांच्याच रेषेत. नवख्याची पावलं बाहेर फाकतात, गुडघे आत पडतात, छाती पुढे झुकते. गोंगबूत, म्हणजे धनुष्याच्या पवित्र्यात, मागच्या पायाची टाच उचलली जाते. वूबूछ्वान या पाच पवित्र्यांच्या संचात प्रत्येक पवित्रा क्षणभरच टिकतो, त्यामुळे चूक कुणाला दिसत नाही आणि काही दिवसांनी गुडघा आतल्या बाजूनं दुखू लागतो. भरीला प्रशिक्षक पाय दाबून ताण देतो. मांडीच्या मागे, अगदी बैठकीच्या हाडाशी टोचलं तर तिथेच थांबवायला सांगा. ती कळ सोसायची नसते.

मठातही गुरू दिवसभर समोर असतात असं नाही, बरंच जुने विद्यार्थी दाखवतात. पण संच उरकायची घाई कमी. धावत ओढ्यापर्यंत जायचं आणि दगड डोक्यावर तोलत परत यायचं. मान वाकली की दगड खाली, चूक सांगायला दुभाषा लागत नाही. पवित्र्यात थांबवून ठेवतात, म्हणून वाकडा गुडघा निदान कुणाच्या तरी नजरेला पडतो. महिन्याच्या शेवटी दाखवायला कमी उरतं हे खरं, पण उरतं ते दुखरं नसतं, असं माझं मत.

मठाच्या अडचणीही आहेत. दाली सुमारे २,००० मीटर उंचीवर, मठ त्याहून वर. पहिले दोन-तीन दिवस धाप लागते. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस धरून बसतो. जेवण शाकाहारी, कांदा-लसूण वर्ज्य, चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्यासारखं, आणि वाडग्यात काही उरू द्यायचं नाही. देंगफेंगमध्ये शाकाहार मिळतो, पण भाजीत मांसाचे तुकडे नकोत हे आधीच सांगावं लागतं. उकिडवं बसायची सवय असलेल्या आपल्या लोकांना पूबू (एक पाय पूर्ण दुमडून दुसरा आडवा पसरायचा) दोन्हीकडे थोडा लवकर जमतो.

बूट पातळ रबरी तळाचे फेइयुए चालतात, पण काँक्रीटवरच्या धावण्यासाठी जाड तळाचे वेगळे न्या, नाहीतर नडगी धरते.

पैसे भरण्याआधी शाळेला दोन प्रश्न लिहून पाठवा: नवख्यांसमोर रोज सकाळी कोण उभं असतं, आणि वूबूछ्वानला किती दिवस देता? उत्तरात नाव-दिवसांऐवजी संचांची यादी आली, तर दालीची तिकिटं बघायला हरकत नाही.