क्योटोसाठी दीड दिवस: पूर्व की पश्चिम?

ओसाकाहून धावत्या भेटीला आलेल्या प्रवाशाने क्योटोची दोन्ही टोके पाहण्याचा हट्ट धरला, तर त्याचा बराचसा वेळ खच्चून भरलेल्या सिटी बसमध्येच जातो. म्हणून दीड दिवसासाठी एकच बाजू निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वेकडचा मोठा फायदा असा, की कियोमिझु-देरा मंदिर, तिथून उतरणाऱ्या सान्नेनझाकाच्या दगडी पायऱ्या आणि गिओनची लाकडी घरे हे सारे पायी होते. खिळ्यांवाचून उभारलेला कियोमिझुचा सुमारे १३ मीटर उंच सज्जा १६३३ सालचा आहे; मात्र तेथील गर्दीत शांतपणाची अपेक्षा ठेवू नये. मला अधिक मोलाचे वाटते ते तुलनेने दुर्लक्षित सान्जूसान्गेन-दो. सुमारे १२० मीटर लांबीच्या या सभामंडपात करुणेची बौद्ध देवता कान्नोन हिच्या १००१ मूर्ती असून, त्यांच्या राखणीला असलेल्या २८ देवतांमध्ये आपले ब्रह्मा आणि इंद्र तर आहेतच, शिवाय चक्क बासरी वाजवणारा गरुडही आहे. आत छायाचित्रे काढता येत नाहीत, त्यामुळे लोक मूर्तींकडे खरोखर पाहतात. उरलेल्या अर्ध्या दिवसाची सकाळ फुशिमी इनारी या शिंतो देवस्थानाच्या तोरणद्वारांना द्यावी: क्योटो स्थानकापासून रेल्वेने पाच मिनिटे, प्रवेश विनामूल्य, दिवसरात्र खुले. सूर्योदयाला पोहोचल्यास वाट जवळजवळ मोकळी मिळते.

पश्चिमेकडे किन्काकु-जी हे सुवर्णमंदिर आहे. मूळ वास्तू १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळली. आजची १९५५ सालची आहे. एकाच दिशेने पुढे सरकणाऱ्या रांगेत ते तासाभराच्या आत पाहून होते, पण जवळ रेल्वे स्थानक नसल्याने बस टळत नाही. अराशियामाला मात्र रेल्वेने पंधरा-वीस मिनिटांत जाता येते. तेथील बांबूची वाट छायाचित्रांवरून वाटते त्याहून बरीच छोटी आहे. खरे पाहण्याजोगे आहे ते तिला लागून असलेले तेन्रयू-जीचे उद्यान, जे चौदाव्या शतकात मुसो सोसेकी या झेन गुरूने आखले. याच मंदिरात भिक्षूंच्या परंपरेतले शुद्ध शाकाहारी जेवण मिळते. एरवी साध्या भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असू शकतो, हे ध्यानात घेता शाकाहारी प्रवाशांसाठी ही सोय लहान नव्हे.

पहिल्याच भेटीत मी पूर्वच निवडेन. सोबत गुडघे दुखणारे वडीलधारे असतील, तर मात्र कियोमिझुचा चढ आणि इनारीच्या पायऱ्या त्यांना सोसणार नाहीत. त्यांच्यासाठी अराशियामाचा सपाट नदीकाठ बरा, आणि किन्काकु-जी सरळ वगळावे.